एका दिवसाचा खाडा

खरं सांगते, ती बाई पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपायची. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे, मनात मात्र पाणकोंबडी म्हणायचे. पन्नाशीला टेकलेली, केस बारीक कापलेले, पायात रबरी चपला आणि अंगाला सदा क्लोरीनचा वास. आधी ती पोहण्याच्या तलावावर बायकांना टॉवेल आणि लॉकरच्या किल्ल्या द्यायची. तिशी उलटल्यावर स्वतः पोहायला शिकली आणि मग दुसऱ्यांना शिकवायला लागली. बरं, शिकली तर शिकली. पण आमची लेक दिवसभर 'बाई म्हणतात'शिवाय दुसरं काही बोलेना. बाई म्हणतात, पाण्यात तोंडानं बुडबुडे काढायचे. बाई म्हणतात, नखं कापून यायचं. अगं, सात वर्षं तुझी नखं कापतंय कोण?

मी कपडे अल्टर करते. बाजारातल्या जिन्याखाली माझं मशीन आहे. लेकीचा पोहायचा पोशाख मी डोळे फोडून शिवला, पिवळाधमक, खांद्याला दुहेरी शिवण. घालून बघितला आणि म्हणाली, बाईंचा निळा आहे. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

ही सुट्टीतली बॅच काही मजेसाठी नव्हती, हे मलाही ठाऊक होतं. आमच्यात मुलगी सातेक वर्षांची झाली की घरातली एखादी मोठी बाई तिला सुट्टीत 'फिरायला' म्हणून नेते आणि ब्लेडनं तिचा कोवळा भाग कापून आणते. खतना. आईची झाली, माझी झाली, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. पाणकोंबडीनं गल्लीतल्या चार-पाच आयांना गोळा करून डोकं लढवलं. जखम असलेली मुलगी कितीतरी दिवस पाण्यात उतरू शकत नाही. मग सगळ्याच मुली सुट्टीभर रोज पाण्यात असल्या, तर गुपचूप काही उरकणार कसं? घरात सरळ नाही म्हणायची ज्यांची छाती नव्हती त्यांनाही आयतं निमित्त मिळालं, क्लास बुडतो म्हणून. आणि एखादीनं खाडा केलाच, तर बाई त्याच दिवशी तिच्या घरी हजर. चहा नको, पाणी नको, मुलगी डोळ्यांनी दिसेपर्यंत खुर्चीवरून हलायचं नाव नाही.

मला धास्ती होती सासूची. तिनं लेकीला नुसतं जवळ बोलावलं तरी माझे कान टवकारायचे. माझ्या स्वतःच्या आईचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आता असलं काही करणार नाही, असं ती एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती, आणि आई म्हटल्यावर मी विश्वास ठेवला.

त्या दिवशी आईच म्हणाली, पोरीचं नाक बघ कसं गळतंय, एक दिवस राहू दे माझ्याकडे. लेकीनं लगेच तोंड पाडलं. मला बाईंकडेच जायचंय म्हणून हटून बसली. झालं, तिथंच माझं डोकं फिरलं. एक दिवस त्या पाणकोंबडीचं तोंड नाही बघितलंस तर मरत नाहीस, असं म्हणून मी तिला आईच्या दारात सोडलं आणि कामावर आले. मनातून बरंही वाटलं.

दुपारी मी एका पँटची चेन बदलत होते, तर समोर पाणकोंबडी. केस ओले, स्कूटरची किल्ली हातात. मुलगी कुठं आहे म्हणाली. मी फटकन सांगितलं, आजीकडे आहे, ठणठणीत आहे, झाली का चौकशी? गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून ती मशीनवर वाकली.

"ताई, तुम्हाला कोण घेऊन गेलं होतं?"

माझा मशीनवरचा पाय थांबला. पँट तशीच टाकून मी तिच्या स्कूटरवर बसले. वाटेत मी सांगत राहिले की आई बदलली आहे, ती असं करणार नाही. पाणकोंबडीनं स्कूटरचा वेग तेवढा वाढवला. आणि तशातही माझ्या मनात येत होतं की हिला कुणी बोलावलं होतं, मी एकटी गेले नसते का?

आईचं दार उघडं होतं. लेक स्टुलावर बसलेली, अंगात नवा फ्रॉक, केस चापूनचोपून विंचरलेले. आई तिच्या सँडलचा पट्टा लावत होती. जरा फिरायला निघालोय, म्हणाली. मलाही तिनं हेच सांगितलं होतं, आणि मलाही नवा फ्रॉक होता.

लेकीनं आम्हाला बघितलं आणि टुणकन उडी मारली. मी खाली वाकले, दोन्ही हात पसरले. ती माझ्या बाजूनं पळत गेली आणि पाणकोंबडीच्या कमरेला मिठी मारून बसली.

आई म्हणाली, "एवढं काय त्यात? तुझं नाही का झालं?"

"झालं," मी म्हटलं. "आणि माझे पाय तू धरले होतेस."

ती खाली बसली. सँडल तिच्या हातातच राहिला. यापुढे माझी लेक तुझ्याकडे एकटी येणार नाही, एवढं सांगून मी निघाले.

घरी आल्यावर मला राहवेना. मी लेकीला विचारलं, माझ्याकडे का नाही आलीस? ती जराही न अडखळता म्हणाली, "एक दिवस नाही गेलं तर बाई येतातच. तू तर मला सोडून गेली होतीस."

आता मीही जाते. खाडा झाला की अर्धी घरं पाणकोंबडीची, अर्धी माझी. माझी पोटदुखी गेलीय असं नाही हं. लेक अजूनही 'बाई म्हणतात'च करते आणि मी अजूनही जळते.

परवा एका घरी गेले, तर मुलीच्या आईनं दारातच माझा उद्धार केला. मी आपली खुर्चीला चिकटून बसले. शेवटी आतून मुलगी आली, खरंच सर्दीनं बेजार झालेली. आईनं तिला घ्यायला हात पुढे केले, तर ती मला बघून सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली. त्या बाईनं माझ्याकडे जे बघितलं ना, ते बघणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

जळ बाई, मी मनात म्हटलं, खुशाल जळ. पण सर्दी गेली की हिला पाठव.