थर्मासमधला काढा

परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी माझ्या उशाशी ठेवलेल्या थर्मासचं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "हे काय?"

"गुळवेलीचा काढा. रोजचाच. ह्यांनी घरून आणलाय."

"अहो मावशी, घरी कुठलं औषध घेता म्हणून मी दोनदा विचारलं ना?"

"विचारलंत की! पण हे औषध कुठेय? काढा आहे."

"ह्यानेच तुमच्या लिव्हरला सूज आली असणार. आता एक थेंबही नाही."

मी साधी डोकेदुखीची गोळी न घेणारी बाई!

करोनाच्या साथीच्या वर्षी ह्यांनी लालबागच्या आमच्या गॅलरीत गुळवेल लावली. तेव्हापासून रोज सकाळी हे कांडी तोडायचे, ठेचायचे, उकळायचे, एक कप स्वतः प्यायचे आणि एक माझ्या हातात द्यायचे. जन्मात कधी बायकोला चहा करून न देणारा माणूस! कडूजहर लागायचं, तरी मी कौतुकाने प्यायचे.

मग जेवण जाईना. बांगड्याच्या कालवणाच्या वासाने मळमळायला लागलं. मालवणी बाईला ह्यापरती शिक्षा नाही. अंगाला खाज, लघवी गडद. एके दिवशी शेजारीण म्हणाली, "वहिनी, डोळे बघा तुमचे, हळद झालेत." हे म्हणाले, "कावीळ दिसते. काढा वाढवूया." झालं, संध्याकाळचाही कप सुरू झाला.

शेवटी मुलीने ओढत इस्पितळात नेलं. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते, भलतंच वाढलेलं. हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडा नाही. भरती होऊनही रिपोर्ट सुधारेना. सुधारेल कसा? सलाइन इस्पितळाचं आणि थर्मास घरचा!

थर्मास पकडला गेल्यावर बायोप्सी झाली, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काढ्यानेच इजा झालेली दिसतेय. तो सगळ्यांनाच बाधतो असं नाही. पण कुणाला बाधेल ते आधी सांगता येत नाही. आता उतार पडला नाही, तर लिव्हर बदलण्याचा विचार करावा लागेल."

लिव्हर बदलायचं? हे पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, ते मटकन खाली बसले.

"मीच माझ्या हातान पाजलंय गो तुका," एवढंच म्हणाले. मला संताप आला होता आणि ह्यांची कीवही येत होती.

काढा बंद झालाच होता, आता सूज उतरायच्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू रिपोर्ट सुधारले आणि डोळे निवळले. ह्यांचंही रक्त तपासून घेतलं, ते ठीक निघालं, देवाची कृपा. डॉक्टरीणबाईंनी थर्मासचं झाकण उघडलं नसतं तर? अजून अंगावर काटा येतो.

म्हणून सांगते, डॉक्टरांनी औषधं विचारली की काढा, चूर्ण, वजन उतरवायच्या पुड्या, सगळं सांगा. डोळे पिवळे दिसले तर घरचे प्रयोग नकोत, तडक तपासणी करून घ्या.

घरी आले तर गॅलरीचं ग्रिल उघडंबोडकं होतं, ह्यांनी गुळवेल मुळासकट उपटून टाकली होती. तेवढ्यात शेजारीण बाटली घेऊन हजर. "लिव्हरचं टॉनिक, वहिनी. झाडपाल्याचं आहे, काही अपाय नाही."

हे स्वयंपाकघरातून आले. हातात कप होता. कप बघून मी दोन पावलं मागे सरले.

"चाय आसा," हे घाईघाईने म्हणाले. "नुसती चाय. आधी मी पिऊन बघितलंय."

चहा अगदीच पांचट होता. मी सगळा प्यायले.