संक्रांतीचा राहिलेला निकाल

माझी पत्नी सुनंदा गेली, आणि त्या वर्षीचा निकाल तिच्याबरोबर गेला.

आज तिचे वर्षश्राद्ध झाले. ज्यांना हा निकाल काय आहे हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

सुनंदा मालिका पाहत असे. सर्व चॅनेलच्या, नियमाने.

चॅनेलवाले दरवर्षी आपापले पुरस्कार सोहळे करतात. ते ती पूर्ण पाहायची आणि शेवटी म्हणायची, "सोताच्याच पोरीले सोताच पास करून राह्यले."

म्हणून तिने स्वतःचे पुरस्कार सुरू केले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका आमच्याकडे सर्वांत शेवटी येत. तिळगूळ झाला, अत्तर झाले, की वाण देण्यापूर्वी सुनंदा वर्षाचा निकाल सांगे.

उत्कृष्ट मालिका. उत्कृष्ट सासू. विनाकारण रडण्याचा विशेष पुरस्कार. सर्वाधिक लांबलेले लग्न.

जिची आवडती मालिका पहिली येई, तिला पहिले वाण.

हळदीकुंकवात पुरुषाचे काम नसते. मी बाहेर ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत असे आणि निकाल खिडकीतून ऐकत असे. आतून हशा येई, भांडणे येत. शेजारच्या शोभाताई आणि समोरच्या रंजनाताई तर निकालावरून होळीपर्यंत एकमेकींना टोमणे मारत.

मागच्या संक्रांतीच्या आधी, दिवाळीनंतर तिला सावंगीच्या रुग्णालयात दाखल करावे लागले.

औषधांमुळे मोबाईलच्या पडद्याकडे पाहिले की तिला गरगरत असे. तेव्हा असे ठरले की एपिसोड मी पाहायचे आणि तिला सांगायचे.

मी पाटबंधारे विभागात नोकरी केली. अहवाल कसा द्यावा, एवढेच मला येते. व्हरांड्यातल्या बाकावर इअरफोन लावून मी एपिसोड पाहत असे आणि आत येऊन क्रमाने निवेदन करीत असे.

पहिल्याच दिवशी तिने मला थांबवले.

"अहो, तुमी मालिका सांगून राह्यले का बोर धरणाची पातळी?"

शेजारच्या खाटेवरच्या हिंगणीच्या बाई हसल्या. सुनंदाचे माहेर हिंगणीचेच. त्यानंतर त्या दोघी मिळून माझी परीक्षा घेऊ लागल्या. दोन जावांच्या मालिकेत थोरली जाऊ बोलली तेव्हा धाकटीचे तोंड कसे झाले, हे मला सांगता येत नसे. मग मी पुन्हा बाहेर जाऊन तेवढा भाग पाहून येत असे.

वकील बाईंच्या मालिकेत नायिकेची स्मृती गेली, ती तिसऱ्यांदा. मी ते गंभीरपणे सांगितले.

"याददाश गेली तं गेली, इज्जत तरी ठेवा म्हणा बाईची," ती म्हणाली.

परंतु दुसऱ्याच दिवशी त्याच नायिकेचे न्यायालयातले भाषण मी सांगितले, तर ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग मला ते पुन्हा सांगायला लावले.

संक्रांत जवळ आली होती. ती घरी येईल, असे डॉक्टर म्हणत होते. तिने आमच्या मुलीकडून, प्रणालीकडून, वाणासाठी स्टीलच्या वाट्यासुद्धा आणवून ठेवल्या होत्या.

मी विचारले, "यंदा कोणती मालिका पहिली?"

"संक्रांतीलेच सांगीन."

मी कोणालाही सांगणार नाही, असे मी म्हणालो.

"तुमाले सांगाची गरजच नाई पडत. तुमच्या तोंडावर सारं लिहून येते. पेपर फुटला म्हणतीन बाया."

संक्रांतीला थोडेच दिवस राहिले असताना ती गेली.

वाट्या अजून दिवाणात आहेत. पुरुषाने वाण द्यायचे नसते. त्यांचे काय करावे, हे मला समजत नाही.

आज जेवणे झाल्यावर बायका उठेनात.

शोभाताई म्हणाल्या, "भाऊजी, मागचा निकाल राह्यला नं."

मी म्हणालो की तो मला ठाऊक नाही. ते कोणालाही पटले नाही. शेवटपर्यंत तिच्याजवळ मीच होतो, एपिसोड मीच सांगत होतो, मग मलाच नाही तर कोणाला ठाऊक असणार?

प्रणाली म्हणाली, "बाबा, आठवून पाहा ना. काहीतरी बोललीच असेल आई."

मी आठवून पाहिले. तिने ज्या मालिकेची स्तुती केली, तिलाच दुसऱ्या दिवशी नावे ठेवली होती. तिचे प्रत्येक वाक्य मला आठवते. त्यांतून निकाल निघत नाही.

सर्वजणी माझ्याकडे पाहत होत्या.

शेवटी मी सांगितले की हे सुनंदाचे मत नाही, माझे आहे. माझ्या मते दोन जावांची मालिका पहिली. मी कारणेही दिली. कथानक सुसंगत, संवाद स्वाभाविक, शेवट योग्य वेळी.

रंजनाताई इतकी वर्षे वकील बाईंच्या बाजूने भांडत आल्या आहेत. मी त्यांच्याकडे पाहिले.

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, "बराबर आहे भाऊजी."

शोभाताईंनीही मान हलवली. त्यांची मालिका पहिली आली होती, पण त्या हसल्यासुद्धा नाहीत.

कोणी वाद घातला नाही. "तुमाले काय कयते त्यातलं" असे कोणी म्हणाले नाही. सर्वांनी माझे मत निमूटपणे मान्य केले आणि त्या एकेक करून नमस्कार करून निघून गेल्या.

इतके असहाय मला रुग्णालयातही वाटले नव्हते.

सुनंदा, माझा निर्णय बहुधा चुकला आहे. तो फिरवण्याचा अधिकार फक्त तुला होता.

तुला माझा आदरपूर्वक नमस्कार.