तिसरा खांब आणि माझी गादी

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? गोड बोलणाऱ्यावर, का शपथ घेणाऱ्यावर? माझं येरमाळ्यात गाद्यांचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. कापूस पिंजताना कोपऱ्यात जशी रुई साठते, तसे किस्से साठत गेले. त्यातले निम्मे तरी आमच्या खांबांवरचे!

खांब म्हणजे येडशीच्या बाजूला, बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे. रूळ गेले, पूल गेला, ओढ्यात तीन दगडी खांब उरले. पहिला भरावाला चिकटलेला, तिसरा सगळ्यात उंच, चांगला दोन पुरुष. दोरी न बांधता, खाली गादी टाकून चढायचं. शहरात याला बोल्डरिंग म्हणतात. आमच्याकडं "खांबावर चाललो" म्हटलं की झालं.

*

सुरुवात गौतम सरांनी केली. शाळेत गणित शिकवतात. एका रविवारी दुकानात आले, "शेठ, जाड गादी द्या."

"पाहुणे येणार का सर?"

"न्हाय."

"मग झोपायला कुणाला?"

"झोपायला न्हाय हो, पडायला!"

असं गिऱ्हाईक पहिलंच! बघावं म्हणून टेम्पोत गादी टाकून मी स्वतः गेलो, तो आजतागायत जातोय.

*

हाताला घाम सुटतो, म्हणून पांढरी पावडर लागते, एवढं सरांनी मोबाइलवर पाहिलं होतं. मी शहाणा! म्हटलं, शोधता कशाला, कॅरमची आणतो की. डबाभर चोळली. सरांनी पहिल्या खांबाला हात घातला अन् सोंगटीसारखे सुळकन् गादीवर!

पडल्या पडल्या म्हणाले, "क्वीन गेली शेठ, आता कव्हर तुम्ही द्या!"

गादीचं कव्हर फाटलं होतं. दिलं.

*

मेंढरं राखणारा बिरू, माझ्याच वयाचा, रोज लांबून बघायचा. एकदा सर सलग नऊ वेळा पडले. दहाव्यांदा वर बघतात तर पहिल्या खांबाच्या माथ्यावर बिरूची शेळी रवंथ करत उभी!

"बिरू, ही कशी चढली?"

"पलीकडल्या भरावावरनं आली की सर! तुमी ह्याच अंगानं का पडताय?"

दुसऱ्या दिवशी बिरू अनवाणी, त्याच पडायच्या अंगानं, एका दमात वर!

*

दगड चाचपत फिरतात म्हणजे गुप्तधन शोधतात, अशी गावात बोंब झाली. पोलीस पाटील आले. "काय घावलं, खरं सांगा!"

सर तिसऱ्या खांबाच्या सांध्यात बोटं घालून लोंबकळत होते. "पकड घावंना हो, पाटील!"

पाटलांनी जरा वेळ बघितलं, चपला काढल्या अन् "उजवीकडं, लई न्हाय, वीतभर!" करत गादी धरून बसले. ते आमचेच झाले.

*

आमची एक वही आहे, माझ्याकडं असते. तिच्यात दोनच शब्द: 'चढला' अन् 'टेकला'. पाय उचलल्यावर जमिनीला, गादीला काही लागलं की 'टेकला'. पुन्हा पहिल्यापासनं.

तिसऱ्या खांबानं सरांना तीन हिवाळे चकवलं. मग बदलीचा कागद आला. सोमवारी परंड्याला हजर व्हायचं, म्हणजे हा शेवटचा रविवार.

त्या रविवारी सर चढले! पाटलांनी शिट्टी मारली. मी वहीत लिहिलंसुद्धा. सर मागच्या ढासळलेल्या बाजूनं उतरून आले.

"शेठ, खोडा. टेकला लिहा. सुरुवातीलाच टाच गादीला लागली."

"आमी कुणी बघितलं न्हाय सर!"

"मला लागली ना."

खाली बघितलं. माझीच गादी! कापूस भरताना कधी हात आखडला नाही, त्याचं हे फळ. फुगलेली कड नेमकी टाचेखाली. मी 'चढला' खोडून 'टेकला' लिहिलं.

सरांच्या बोटांतनं रक्त येत होतं. बिरूनं गादी धरली अन् फरफटत चार हात मागं ओढली.

"चढा सर. आता टेकायला गादीच न्हाय!"

सरांनी हात घातला, पाय उचलले. कमरेएवढे वर गेले तशी आम्ही तिघांनी गादी परत खाली सारली. सांध्यात बोटं, कपारीला अंगठा, पुन्हा बोटं... अन् सर माथ्यावर!

मी एवढ्या जोरात ओरडलो की बिरूची मेंढरं उधळली. घाईघाईनं आधीचं 'टेकला' खोडायला लागलो, तर वरनं आवाज आला,

"शेठ, खोडू नका! वही खरी ठेवा. आधी टेकला, मग चढला!"