ओघळीतलं भेकर

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी, सूर्य बुडाल्यावर, माझ्या थोरल्या बहिणीने खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेताच्या टोकाला भेकराचा, म्हणजे रानातल्या एका लहान हरणाचा, फोटो काढला. फ्लॅश वापरला नाही. मी तिच्या शेजारी बांधाआड बसलो होतो.

कारण घरचंच होतं. शेताखालच्या ओघळीत करवंदी आणि घाणेरीचं दाट रान आहे. ती जमीन चुलत भावाच्या वाट्याची. त्याला तिथे ऊस लावायचा होता आणि सोमवारी जेसीबी येणार होता. आमच्या वडिलांचं, आप्पांचं, म्हणणं असं की त्या रानात भेकराची मादी व्यालेली आहे. पाडस नीट पळायला लागेपर्यंत थांबावं. भेकराचं ओरडणं कुत्र्याच्या भुंकण्यासारखं असतं. त्यामुळे आप्पांचं कोणी खरं धरत नव्हतं.

"आप्पा, पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं हाय ते," चुलत भाऊ म्हणाला. "पायजे तर आणून बांधतो तुमच्या दारात."

"कुत्र्याला एवढा धीर असतोय व्हय रं? हे एकदा भुंकतंय, इचार करतंय, मग परत भुंकतंय."

"मग दावा की. दावलं तर लावण पुढं ढकलतो. न्हायतर सोमवारी रान सपाट."

आप्पांनी बहिणीला फोन केला. तिचा संकेश्वरात स्टुडिओ आहे. बारशाच्या फोटोंसाठी तिला निपाणीपर्यंतची कुटुंबं बोलावतात, कारण पाळण्यात झोपलेल्या बाळाचा फोटो ती खोलीत असेल तेवढ्याच उजेडात काढते. बाळ श्वास सोडतं आणि पुढचा घेण्याआधी क्षणभर निश्चल होतं, तेव्हा ती बटण दाबते. कोपर बरगडीला टेकलेलं, स्वतःचा श्वास रोखलेला. उजेड कमी म्हणून शटर सावकाश उघडझाप करतं. तेवढ्यात कोणीही हललं तर चित्र पुसट येतं. तिचं सहसा येत नाही.

शुक्रवारी ती गावी आली, पण पहिल्याच संध्याकाळी काम बिघडलं. अंधूक उजेडात गवत हललं, तिने फोटो घेतला आणि सवयीने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. त्या प्रकाशात तिचा चेहरा उजळला. रानात काहीतरी धडपडत पळालं. पडद्यावर नुसतं गवत होतं.

शनिवारी तिने पडद्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि वाऱ्याची दिशा पाहून जागा बदलली.

"आक्का, फ्लॅश एकदाच मारला तर काय होतंय?" मी विचारलं.

"झोपेत तुझ्या डोळ्यांवर बॅटरी मारली तर काय करशील?"

"शिव्या देईन."

"त्याला शिव्या येत न्हाईत. ते पळतंय. आता गप बस."

रंग गेले. करवंदीची जाळी आणि तिची सावली वेगळी दिसेना. मला वाटलं, संपलं. तेव्हा भेकर बाहेर आलं. एक पाय उचलून थांबलं. कान फिरले. बहीण थांबून राहिली. भेकराने मान खाली घातली, चार पानं खाल्ली, मान वर केली. कान पुन्हा फिरले. ते स्थिर होताच तिने बटण दाबलं. आवाज झाला नाही. भेकर चरत राहिलं. तिने आणखी काही फोटो घेतले, प्रत्येक वेळी तसंच थांबून, आणि ते आपणहून आत गेल्यावरच कॅमेरा खाली ठेवला.

घरी तिने पट्टी काढली. फोटो दाणेदार होता, रंग जवळजवळ नव्हता, पण डोळा आणि नाकाची ओली कड स्पष्ट होती. चुलत भावाने चित्र मोठं करायला सांगितलं. मग त्याने पोटामागच्या अंधाराकडे बोट केलं. तिथे दुसरा, लहान कान होता.

"पाडूस हाय व्हय हे?"

"मग काय कुत्रं हाय?" आप्पा म्हणाले.

चुलत भावाने अंगणात जाऊन जेसीबीवाल्याला फोन लावला. सोमवारी यंत्र आलं आणि विहिरीकडचा त्याचा दुसरा तुकडा सपाट करून गेलं. ओघळीतल्या रानाला त्या हंगामात हात लागला नाही.