बाबा उठेपर्यंत

पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्या माणसाचं घड्याळ उलटं फिरतं. जग अंथरूण घालतं तेव्हा हा घराबाहेर पडतो आणि जग दात घासत असतं तेव्हा नखशिखांत पांढरा होऊन परत येतो. अंघोळ करतो, चार घास पोटात ढकलतो आणि आडवा होतो. मग दुपार कलली, चहाचं आधण ठेवलं, की उठतो. आमच्या भट्टीवाल्याचं लग्नाआधीपासून असंच चाललं होतं आणि त्याची काही तक्रार नव्हती. उलट त्याला ते काम आवडायचं. पीठ नीट फुगलंय की नाही, हे तो नुसतं बोट टेकवून सांगायचा. सुट्टीच्या दिवशी हातांना काही काम नसलं की उशीच मळत बसायचा, असं त्याची बायको सगळ्यांना सांगे.

तक्रार सुरू झाली ती पोरगी झाल्यावर. कितीही घासले तरी त्याच्या हातांच्या रेषांत थोडं पीठ राहायचंच. तिच्या गालाला बोट लावलं की पांढरा ठिपका उमटायचा. म्हणून आजीनं, म्हणजे त्याच्या आईनं, पोरीचं नाव पिठी ठेवलं. पाळण्यातलं खरं नाव मागं पडलं आणि हेच चिकटलं.

तर ही पिठी पहिल्यांदा खदखदून हसली ती आजीच्या शिंकेला, सकाळी, बाप घोरत असताना. उठल्यावर बायकोनं मोठ्या कौतुकानं सांगितलं. तो "हो का?" म्हणाला आणि चहा अर्धाच पिऊन उठला. मग ती पालथी पडली, तीही सकाळीच. तेव्हा तर त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत "एकदा पड की गं पालथी" म्हणून विनवत बसला. ती कसली ऐकतेय, झोपून गेली. ती पहिल्यांदा बसली तेव्हाही हा झोपेतच होता. त्या संध्याकाळी डबा हातात घेऊन तो दारात थांबला आणि म्हणाला, "मी भट्टी सोडतो. गोदामावर दिवसपाळीचा रखवालदार हवाय. माझ्याच पोरीची बातमी मी रोज दुसऱ्याच्या तोंडून ऐकतोय. असला कसला बाप?"

पगाराचं सोडा हो, तो उन्नीस-बीसच होता. पण हा माणूस दिवसभर बंद दारासमोर स्टुलावर काठी घेऊन बसला, तर वर्षाच्या आत वाळून जाईल, हे बायकोला स्वच्छ दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "थोडे दिवस थांबा. एवढी काय घाई आहे?" आणि तो गेल्यावर सासूपाशी जाऊन बसली.

या सासूसुनेचं आमटीतल्या मिठावरूनसुद्धा कधी एकमत झालेलं नाही. पण त्या दिवशी झालं. दोघींनी ठरवलं की यापुढं पोरीनं काहीही नवीन केलं तरी बाप उठून बघेपर्यंत ते झालेलंच नाही. कुणी ब्र काढायचा नाही.

आता आजीबद्दल सांगायचं तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजारच्या मुलीची सोयरीक मुलीच्या आधी हिनंच गल्लीला सांगितली होती. पण नातीच्या बाबतीत बाईनं जी जीभ आवरली, तिला तोड नाही. पिठी रांगली, मुलाला पत्ता नाही. दात आला, पत्ता नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी हिनंच नातीचा ओठ वर करायचा आणि म्हणायचं, "अरे, हे पांढरं काय दिसतंय बघ जरा. माझा चष्मा काही धड नाही." तो वाकायचा, बघायचा आणि ओरडायचा, "दात! आई, दात आलाय!" की दोघी चकित झाल्यासारखं करायच्या.

चालण्याच्या वेळी मात्र पंचाईत झाली. एका सकाळी पिठी घराच्या पायरीवरून उतरली आणि सरळ समोरच्या शिवणकाकूंच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. काकू "चालली गं बाई!" म्हणून किंचाळल्या, तशी आजीनं धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मग त्यांना सांगावं लागलं. काकूंना सांगितलं म्हणून वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना सांगावं लागलं, मास्तरांना म्हणून पेपरवाल्याला. असं करत करत अख्खी गल्ली कटात सामील झाली. ज्याला ताकास तूर लागू दिली नाही असा एकच माणूस उरला.

आठवडाभर तालमी झाल्या. मग एका संध्याकाळी पिठीला भिंतीला टेकवून उभं केलं, बाप समोर चटईवर. ती डुलत डुलत आली आणि त्याच्या मांडीत कोसळली. हा गडी बनियनवर, अनवाणी, हातात चहाचा कप घेऊन रस्त्यावर पळाला. "चालली! माझी पोर चालली!" शिवणकाकूंनी गालावर हात ठेवला, "काय सांगता!" पेपरवाला सायकलवरून उतरून हात मिळवायला आला. आणि मास्तर, ज्यांनी आदल्याच दिवशी तिचं बोट धरून तिला जिना चढवला होता, ते गंभीरपणे म्हणाले, "या वयाला म्हणजे लवकरच म्हणायचं."

गोदामाची नोकरी बारगळली, हे सांगायला नकोच. भट्टीवर तो जोडीदाराला अभिमानानं सांगायचा, "माझी पोर माझ्यासाठी थांबते. दिवसभर आईपुढं काही करत नाही. बाबा उठला की मग एकेक काढते. आणि पहिला शब्द काय म्हणाली? बाबा!" जोडीदाराला स्वतःची चार होती. तो म्हणायचा, "नशीबवान आहेस लेका." आणि आमच्या भट्टीवाल्यालाही मनापासून तसंच वाटायचं.

पिठी मोठी होत गेली तसे तिचे नाद बदलत गेले. आधी झाकणांचा नाद. घरातल्या एका डब्याला स्वतःचं झाकण राहिलं नाही. मग मुंग्यांचा. रांगेत मध्येच पावाचा चुरा ठेवायचा आणि पोटावर पडून बघत बसायचं. मग गाठींचा. झोपलेल्या बापाच्या पायाचे अंगठे एकमेकांना बांधायची आणि तो उठता उठता तोंडावर आपटायचा. "वा, काय पक्की गाठ मारलीय," असं म्हणून तो आधी गाठ बघायचा, मग स्वतःचं नाक. आणि आता अक्षरांचा. मास्तरांकडून ती एकेक अक्षर मागून आणायची आणि दिवसभर भिंतीवर, वाफ धरलेल्या काचेवर, आजीच्या पाठीवर गिरवायची.

एक गंमत अशी झाली होती की तीही आता कटात होती. कुणी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. कुठलीही गोष्ट आधी गुपचूप करायची आणि नंतर बाबासमोर पहिल्यांदा करायची, जगात सगळ्या घरी असंच असतं, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. शिट्टी यायला लागली तेव्हा ती पांघरुणात तोंड खुपसून वाजवायची.

एकदा काय झालं, भट्टीच्या कमानीतली वीट निखळली. मालकानं आग विझवायला लावली. गवंडी यायला वेळ होता, म्हणून सगळे पोत्यांवर पसरले आणि ढाराढूर झोपले. भट्टीवाला नेहमीच्या वेळेला घरी आला, नेहमीसारखा जेवला, सवयीनं आडवाही झाला. पण झोप आधीच झालेली. तो डोळे मिटून पडून राहिला. स्वयंपाकघराचं दार कधी पूर्ण लागायचं नाही, तिथून भांड्यांचा आवाज येत होता.

ओट्याखाली बायकोनं मैद्याच्या रिकाम्या पोत्याचा पडदा लावला होता. धुऊन धुऊन मऊ झाला तरी त्यावरची छापील अक्षरं गेली नव्हती. पिठी त्याच्यासमोर बसली असावी.

"को… र… ड्या. कोरड्या. जा… गी. कोरड्या जागी."

भट्टीवाल्याचे डोळे उघडले.

"ठे… वा. आई, इथं कोरड्या जागी ठेवा असं लिहिलंय."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "काय म्हणालीस? परत म्हण बघू."

तिनं परत वाचलं, या वेळी न अडखळता. भट्टीवाल्यानं पांघरूण भिरकावलं. एक पाय जमिनीवर टेकला. आता धावत जायचं आणि तिला उचलायचं, तेवढ्यात आजीचा आवाज आला.

"हळू बोला गं. तो उठला तर सगळंच मुसळ केरात."

"चहाच्या वेळेपर्यंत पोटात ठेवायचं हं," बायको म्हणाली.

"माहितीये. मग बाबासमोर पहिल्यांदा वाचायचं. चालताना केलं तसं."

"चालताना केलेलं तुला काय आठवतंय?"

"शिवणकाकूंनी सांगितलं. मी आधी त्यांच्याकडं चालत गेले होते. पण बोलताना सगळ्यात आधी बाबा म्हणाले ना मी?"

"कसलं बाबा," आजी खुसुखुसू हसली. "आधी नको म्हणालीस. मी भरवत होते, तर हात ढकलून म्हणे नको. बाबा म्हणावंस म्हणून तुझ्या आईनं घसा कोरडा केला, तेव्हा कुठं म्हणालीस."

जमिनीवर टेकलेला पाय त्यानं हळूच वर घेतला. अंगातून एकदम गरम कळ गेली. म्हणजे चालणं नाही, दात नाही, बाबासुद्धा नाही. आणि आपण बनियनवर गल्लीभर ओरडत फिरलो. काकूंचा गालावरचा हात, पेपरवाल्याचं सायकलवरून उतरणं, मास्तरांचा तो गंभीर चेहरा. सगळ्यांनी मिळून आपल्याला उल्लू बनवलं, इतकी वर्षं. त्याला रडू येईल इतका राग आला. आत्ताच्या आत्ता जाऊन विचारावं, की काय समजता मला तुम्ही?

"खाली अजून एक ओळ आहे," बायको आत म्हणत होती. "जमेल?"

"ओ… ला… ओला… व्या…"

ती थांबली. बराच वेळ काही नाही. भट्टीवाला राग विसरला. त्यानं मान उचलली, श्वास धरला. तो शब्द त्याला पाठ होता, रोज पोती उचलणारा माणूस तो. त्याचे ओठ आपोआप हलले.

"ओलाव्यापासून! ओलाव्यापासून जपा!"

त्यानं डोकं उशीवर टाकलं तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं. हे खरोखरचं पहिलं होतं. कुणी तालीम घेतलेली नव्हती, कुणी भिंतीला टेकवून उभं केलेलं नव्हतं. पोरीनं आयुष्यातली पहिली ओळ वाचली आणि तो जागा होता.

मग राग टिकेना. त्याला बायकोचा कोरडा घसा दिसायला लागला. दिवसभर घर ओढून वर एका तान्ह्या पोरीला बाबा, बाबा म्हणून शिकवणारी बाई. लेकराचं पहिलं पाऊल तिनं स्वतः बघितलं आणि त्याचा आनंद गिळून ठेवला, नवऱ्याला तो ताजा मिळावा म्हणून. आई, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती. आणि गल्ली. कोण आपण? पीठ मळणारा एक माणूस. यांना काय पडलं होतं? पोर थांबत नव्हती. पोरं कुणासाठीच थांबत नाहीत. थांबली होती ती ही सगळी माणसं. आपली पात्रता काय आणि आपल्या पदरात हे किती पडलं, असं त्याला वाटलं आणि त्यानं उशीत तोंड खुपसलं, कारण हुंदका बाहेर ऐकू गेला असता.

आधण ठेवल्याचा आवाज आला तसा तो आळोखेपिळोखे देत, जांभया देत बाहेर आला. असल्या नाटकाची त्याला सवय नव्हती, त्यामुळं एक जांभई जास्तच झाली. चहाचा कप घेऊन चटईवर बसला. आजी जपमाळ ओढल्यासारखी एकेक शब्द जपून म्हणाली, "अरे, ही पोर मघापासून त्या पडद्याकडं टक लावून काय बघतेय कोण जाणे."

पिठी पडद्यासमोर उभी राहिली. अक्षरावर बोट ठेवलं.

"को… र… ड्या… जा… गी… ठे… वा."

मग दुसरी ओळ. "ओ… ला… ओला… व्या…" आणि ती थांबली. सकाळी जिथं अडली होती, नेमकी तिथंच. आता तिला तो शब्द येत होता, हे त्याला माहीत होतं. ती मुद्दाम थांबली होती, खरं वाटावं म्हणून, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला. त्यानं दात आवळून धरले. तिला तिचा वेळ घेऊ दिला.

"ओलाव्यापासून जपा!"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. आता त्यानं ओरडायला हवं होतं, अनवाणी बाहेर पळायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून चहात.

"ती काय वाचतेय आणि तू काय करतोयस," आजी म्हणाली, पण तिचा पदरही डोळ्यांना लागला होता.

पिठी घाबरली. "बाबा, चुकलं का?"

"नाही गं. एकही चुकलं नाही." त्यानं तिला ओढून जवळ घेतलं. "पहिल्यांदा ऐकलं ना बाळा, म्हणून. आता परत वाच."

बायकोनं त्याच्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. न विचारता त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

पिठीनं परत वाचलं, मग आणखी एकदा. नंतर त्याच्या मांडीवरून उतरून ती आईकडं गेली, तिच्या गळ्यात हात टाकले आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या कानात कुजबुजली,

"आई, बाबाला काही कळलंच नाही."