मारिव्होनचं सिनेमातलं एक वाक्य

माझी शेजारीण मारिव्होन केरव्हेला. आमच्या दुआर्नने गावच्या बंदरावर सार्डिन माशांचे डबे भरण्यात तिचा जन्म गेला. नवरा वारल्यावर तिने त्याची होडी विकली. मुलाला, तांगीला, ती होडी स्वतः चालवायची होती. "बापालाच विकलंस तू," असं म्हणून तो कॅनडाला निघून गेला. वर्षं लोटली. नाताळला नुसतं एक कार्ड यायचं.

मग एका वसंतात गावात सिनेमावाले आले. आई मेल्यावर तीन भावंडं घर विकायला येतात, अशी गोष्ट. आठवणीतली आई म्हणून त्यांनी मारिव्होनला निवडलं. बटाटे सोलता सोलता मुलाला हाक मारायची, एवढंच काम.

"पॉल, चल जेवायला, गार होतंय," असं वाक्य होतं. कॅमेरा सुरू झाला आणि ती म्हणाली, "तांगी, चल जेवायला."

सगळे थांबले. दिग्दर्शिका हळूच म्हणाली, "पॉल, मावशी."

"हो हो, पॉल. तोंडात बसलंय ते नाव, काय करू!"

दुसऱ्यांदा तिने नीट म्हटलं.

हिवाळ्यात सिनेमा गावात लागला. सुरुवात इतकी हळुवार की सगळे गप्प. मध्ये मात्र भरकटला, मागच्या रांगेत कोणी तरी घोरायला लागलं. शेवटी तिन्ही भावंडांनी एकदम गळ्यात गळे घातले. बाहेर आल्यावर मारिव्होन फणकारली, "इतक्या पटकन मिठ्या मारतं का कोणी? कधी भांडलेत तरी का हे लोक!"

पण त्याच आठवड्यात तिने तांगीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच कॉफी ढवळत होते.

"मी सिनेमात आलेय," ती म्हणाली.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"मध्ये रेंगाळतो. शेवट खोटा आहे."

तो हसला. बापासारखा, नाकातून. तिने डोळे मिटले.

"ऑगस्टमध्ये येतो, आई."

ऑगस्ट गेला, तांगी आला नाही. कधी शेजारच्या कँपेर शहराच्या पलीकडे न गेलेल्या त्या बाईने पासपोर्ट काढला. मी म्हटलं, "अगं, या वयात?"

"मग कुठल्या वयात?"

ती माँट्रियलला गेली आणि परतली. मी स्टेशनवर घ्यायला गेले होते. गाडीत विचारलं, "मिठी मारली का गं?"

"छे. बॅग घेतली हातातून. होडीचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही. सूप करून घातलं त्याने. मीठ जास्त होतं."

मग ती खिडकीतून समुद्राकडे बघत राहिली.

"पूर्वी एका पोराची आठवण यायची," ती म्हणाली. "ती सवयीची झाली होती. आता टक्कल पडलेल्या, खारट सूप करणाऱ्या एका माणसाची येते. याला अजून सरावले नाही गं मी."