मुलीचं ‘आपण’

लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्या वेळाने मी जागी आहे की झोपेत, हेच मला उमगत नाही. शहर कधी संपलं ते कळत नाही. मग हिरव्यावर हिरवं सुरू होतं. मधूनच एखाद्या चर्चचं टोक, एखादा कालवा, त्यात कुणाचीच वाट न बघणारी एक होडी. नोकरीसाठी इथे आल्यापासून मी या बेटावर आणि पलीकडच्या युरोपात पुष्कळ हिंडले. जाते शहरं बघायला आणि लक्षात राहतात ती दोन शहरांमधली शेतं. नवरा म्हणतो, हिला पॅरिसचं तिकीट काढून द्या नाहीतर प्रागचं, परत येऊन सांगणार ती खिडकीबद्दलच.

त्या जूनमध्ये समोरच्या सीटवर आई होती. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच ती नागपूरहून आमच्याकडे क्रॉयडनला आली होती. शेजारी माझी आठ वर्षांची मुलगी. नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती. आईला एडिनबरा दाखवायचं हे निमित्त. खरं म्हणजे मला तिला सांगायचं होतं की आम्ही आता परत येणार नाही, इथेच घर घेतोय. बाबा होते तोवर ‘अजून दोन वर्षं, मग येतोच’ हे आमचं पालुपद चाललं. आता ती तिकडे एकटी, आणि तिला इथे कायमचं आणणं नियमांत बसत नाही, हेही मी वकिलाकडून ऐकून आले होते. घरात हे सांगायला जीभ रेटत नव्हती. वाटलं, चालत्या गाडीत जमेल.

आईला कसलीच घाई नव्हती. यॉर्क गेल्यावर तिने तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. टेकड्यांवर मेंढ्याच मेंढ्या होत्या, पण धनगर एकही दिसेना, हे काही तिला पटलं नाही. सांजच्याला यांना घरी कोण नेतं, असं तिने दोनदा विचारलं. मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या मेंढ्या बघत आले, पण हे कधी मनात आलं नव्हतं.

मग उजव्या हाताला समुद्र आला. बर्विकच्या पुढे रूळ अगदी कड्याच्या काठाने जातात. खाली पाण्यावर धुकं पसरलं होतं आणि त्या धुक्यालाच आतून उजेड असावा तसं सगळं दिसत होतं. आताच सांगावं म्हणून मी पुढे सरकले, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आजी, यू नो, आपण न्यू हाउस घेणार. विथ गार्डन. आपण फॉरेव्हर इथेच राहणार. आणि तिथे माझा रूम.”

“माझी रूम,” मी म्हणाले.

खरी चूक वेगळीच होती. माझ्या मुलीच्या मराठीत ‘आम्ही’ नाहीच. ‘वी’ म्हटलं की ‘आपण’, मग त्यात समोरचा माणूस धरलेला असो की वगळलेला. तिला म्हणायचं होतं, तिचे आईबाबा आणि ती. माझ्या आईचा चेहरा मात्र उजळला. बाग कोणत्या अंगाला आहे, ऊन येतं का, कढीपत्ता जगेल का, असं ती विचारत राहिली. मुलगी मोठ्या उत्साहाने सांगत होती. आईचा गैरसमज दूर करायचं सोडून मी पुऱ्यांचा डबा आवरत बसले. काय हा करंटेपणा, असं स्वतःलाच म्हणत मी बाहेर बघत राहिले. समुद्र सरला, बार्लीची शेतं आली, पांढरी घरं आली, आणि त्या दोघी बागेतच होत्या.

एडिनबराला संध्याकाळ संपायचं नावच घेत नाही. जेवणं उरकून आम्ही टेकडीवर गेलो तरी ऊन होतं. खाली दगडी शहर, धुरकट, पलीकडे खाडी. मुलगी गवतात लोळत होती. बाकावर बसून मी आईला सगळं सांगून टाकलं. घराचं, परत न येण्याचं, नियमांचं.

आई म्हणाली, “मला गाडीतच समजलं होतं. पोरगी तुम्हा तिघांचं बोलून राहिली होती.”

“मग कढीपत्त्याचं का विचारत होतीस?”

“ती ‘आपण’ म्हणाली ना बाप्पा. म्हटलं, गाडी पोचेपर्यंत राहून घेऊ त्या घरात.”

मला रडू आवरेना. रडत रडतच मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले, या पोरीला आम्ही आणि आपण यांतला फरक उद्याच शिकवते.

आईने माझा हात धरला. “नको शिकवू,” ती म्हणाली. “मी जाईपर्यंत तरी नको.”